दोन विमानांमधला वेळ : कनेक्टिंग फ्लाइटचं तिकीट पहिल्यांदा काढताना

मध्यम आकाराच्या दोन शहरांमध्ये थेट विमान सहसा नसतं. त्यामागे साधं गणित आहे. दहा शहरं एकमेकांना थेट जोडायची म्हटली तर ४५ मार्ग लागतात. त्यातलं एक मोठं शहर मध्ये धरून बाकीची नऊ त्याला जोडली, की नऊ मार्गांत काम भागतं. अमेरिकेत १९७८ मध्ये कायदा होऊन विमानांचे मार्ग आणि भाडी ठरवण्यातून सरकार बाजूला झालं. त्यानंतर तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत झपाट्याने वाढवली. आज बहुतेक मोठ्या देशांत देशांतर्गत प्रवासाचं गणित असंच चालतं. म्हणजे तुमचा प्रवास आधी मोठ्या शहरापर्यंत आणि तिथून पुढे, असा दोन तुकड्यांत होणार. यालाच ‘कनेक्टिंग’ प्रवास म्हणतात. विमानवाल्यांच्या भाषेत या तुकड्यांना ‘सेक्टर’ म्हणतात.

पहिल्यांदा तिकीट काढणाऱ्याचं सगळं लक्ष भाड्याकडे आणि निघायच्या वेळेकडे असतं. माझी नजर आधी दोन विमानांच्या मधल्या वेळेवर जाते. प्रवास बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच, आणि तिकीट काढताना जे काही हातात असतं तेही तिथेच असतं.

१. शोधाआधीचा हिशेब

कनेक्टिंग विमान खरंच वेळ वाचवणार आहे का, हे आधी कागदावर मांडा. घर ते विमानतळ एक तास, विमानतळावर दीड तास आधी, पहिलं उड्डाण एक तास दहा मिनिटं, मधला थांबा दोन तास, दुसरं उड्डाण एक तास वीस मिनिटं, मग सामान घेऊन मुक्कामी पोचायला एक तास. झाले आठ तास. तेच अंतर रेल्वेने किंवा रस्त्याने सात-आठ तासांत होत असेल, तर विमानाचा हट्ट कशासाठी? आणखी एक पर्याय लोक विसरतात. दोन तासांच्या रस्त्यावर दुसरा एखादा विमानतळ असेल आणि तिथून विनाथांबा विमान असेल, तर मी डोळे झाकून ते घेते.

आता विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघून ठेवा. एकाच नावाची शहरं एका देशातही असतात. अमेरिकेत पोर्टलंड दोन आहेत : ओरेगॉनमधल्या पोर्टलंडचा कोड पीडीएक्स, मेनमधल्या पोर्टलंडचा पीडब्ल्यूएम. दोन्ही देशाच्या दोन टोकांना. रॉचेस्टरचंही तसंच, एक न्यूयॉर्क राज्यात तर दुसरं मिनेसोटात. यादीत नाव दिसलं की बोट पटकन दाबलं जातं, म्हणून कोड जुळवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

‘डायरेक्ट’ या शब्दालाही फसू नका. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक एकच. विमान मध्ये कुठेतरी उतरून, काही प्रवासी सोडून-घेऊन पुढे जाऊ शकतं. कुठेही न थांबणाऱ्या विमानाला ‘नॉन-स्टॉप’ म्हणतात. मध्यम शहरांच्या मार्गावर मात्र असं थांबून पुढे जाणारं डायरेक्ट विमान मिळालं तर ते वाईट नाही. सहसा त्याच विमानात बसून राहायचं असतं, त्यामुळे ते चुकायची भीती उरत नाही.

२. तिकीट एकच हवं

पूर्ण लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल.

दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगमध्ये, एकाच पीएनआरवर, म्हणजे बुकिंगच्या एकाच नोंद-क्रमांकावर असतील, तर तुम्हाला शेवटच्या शहरापर्यंत नेण्याची जबाबदारी कंपनीची असते. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात जागा देणं हे तिचं काम. सामानही सहसा पहिल्या शहरात दिलं की थेट शेवटच्या शहरात मिळतं.

तीच दोन उड्डाणं वेगवेगळी विकत घेतली, तर कंपनीच्या लेखी ते दोन स्वतंत्र प्रवास झाले. पहिलं विमान दोन तास उशिरा आलं याच्याशी दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नाही. तिच्या दृष्टीने तुम्ही वेळेवर आला नाहीत, विषय संपला. मधल्या शहरात तुम्ही सामान पट्ट्यावरून उचलायचं, बाहेर यायचं, पुन्हा रांग लावून ते जमा करायचं आणि पुन्हा सुरक्षा तपासणीतून जायचं.

हे मी स्वतः भोगलंय. दोन स्वतंत्र तिकिटं घेतली तर भाडं बरंच कमी पडत होतं, आणि मध्ये पावणेदोन तास होते. भरपूर वाटले. पहिलं विमान ५० मिनिटं उशिरा निघालं. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभी राहिले, तर बराच वेळ तीच एक निळी बॅग फेऱ्या मारत होती, आणि ती माझी नव्हती. माझी आली तेव्हा दुसऱ्या विमानाला अर्धा तास उरला होता. धावत काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, ‘‘मॅम, काउंटर बंद झालाय.’’ विमान अजून गेटवरच उभं होतं. दुसऱ्या दिवशीचं तिकीट आयत्या वेळच्या भाड्यात घ्यावं लागलं. पहिल्या तिकिटांत वाचवलेले पैसे त्यात कधीच विरघळून गेले.

एकच तिकीट आहे हे ओळखायचं कसं? शोधाच्या संकेतस्थळावर ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे शब्द किंवा ‘सामान पुन्हा जमा करावं लागेल’ अशी सूचना दिसली, तर ती दोन तिकिटं आहेत. संकेतस्थळाने फक्त शेजारी-शेजारी मांडलेली आहेत. दोन वेगळे पीएनआर हीदेखील खूण आहे, पण ती पक्की नाही. दोन भागीदार कंपन्या असल्या तर तिकीट एक असूनही प्रत्येकीचा पीएनआर वेगळा दिसू शकतो. पक्की खूण म्हणजे ई-तिकिटाचा १३ आकडी क्रमांक. एका प्रवाशाच्या दोन्ही सेक्टरसमोर तोच क्रमांक असेल, तर तिकीट एक.

एका कंपनीने विकलेलं आणि दुसरीने उडवलेलं असंही विमान असतं, त्याला ‘कोडशेअर’ म्हणतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त बारीक अक्षरात विमान कोण चालवतं ते लिहिलेलं असतं, ते वाचा. काउंटर आणि टर्मिनल सहसा त्या कंपनीचं असतं.

एका तिकिटाचं वजन कायद्यातही आहे. युरोपियन युनियनचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम उशिराच्या भरपाईबद्दल आहे आणि तो देशांतर्गत उड्डाणांनाही लागू होतो. तिथल्या न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं की कनेक्टिंग प्रवासात शेवटच्या ठिकाणी पोचायला किती उशीर झाला ते मोजायचं. म्हणजे पहिलं विमान थोडंसंच उशिरा निघालं, पण त्यामुळे दुसरं चुकून तुम्ही अर्धा दिवस उशिरा पोचलात, तर तो अर्धा दिवस धरला जातो. अर्थात बुकिंग एकच असेल तर. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, त्यामुळे आपल्या प्रवासाला कोणते लागू आहेत ते आधी वाचून ठेवा.

३. मधला वेळ किती?

प्रत्येक विमानतळासाठी एका विमानातून दुसऱ्यात जायला लागणारा किमान वेळ ठरवलेला असतो. एका तिकिटावर त्याहून कमी वेळाची विमानांची जोडी बुकिंगची यंत्रणा सहसा विकतच नाही. पण ‘किमान’ म्हणजे सगळं सुरळीत झालं तर. म्हणून पडद्यावर जोडी दिसली एवढ्यावर ती चांगली समजू नका.

एक उदाहरण सोडवून बघू. पहिलं विमान पोचणार १३.४० ला, दुसरं सुटणार १४.४५ ला. कागदावर ६५ मिनिटं. आता यातून वजा करत जा. दुसऱ्या विमानाचं गेट सुटण्याच्या १५ ते २५ मिनिटं आधी बंद होतं, धरू १४.२५. पहिलं विमान वेळेवर थांबलं तरी दार उघडायला पाचेक मिनिटं जातात. तुम्ही सत्ताविसाव्या रांगेत असाल, तर वरच्या कप्प्यातून बॅगा काढणाऱ्यांच्या मागे उभं राहत बाहेर पडेपर्यंत १३.५७ झाले. हातात उरली २८ मिनिटं. त्यात चालणं, कधी बस, कधी पुन्हा तपासणी. विमान १५ मिनिटांपर्यंत उशिरा आलं तरी या व्यवसायाच्या आकडेवारीत ते ‘वेळेवर’च मोजण्याची पद्धत आहे. म्हणजे कागदोपत्री वेळेवर आलेल्या विमानातून उतरूनही तुमच्याकडे १३ मिनिटं उरू शकतात.

माझा स्वतःचा ठोकताळा असा. एकच तिकीट आणि एकच टर्मिनल असेल तर दीड ते दोन तास. टर्मिनल बदलत असेल तर किमान अडीच. नाइलाजाने तिकिटं दोन असतील तर चार तासांच्या खाली नाही, आणि लग्न, परीक्षा, मुलाखत असं काही असेल तर आदल्या दिवशीच मधल्या शहरात मुक्काम. सोबत वयस्क माणूस किंवा लहान मूल असेल तर यात अर्धा तास वाढवा. व्हीलचेअर हवी असेल तर ती बुकिंगच्या वेळीच सांगा.

एक गोष्ट मात्र मी करत नाही : विमानतळ बदलणं. मोठ्या शहरांना दोन-तीन विमानतळ असतात. टोकियोत हानेदा आणि नारिता यांच्यात साठेक किलोमीटरचं अंतर आहे. साओ पावलोत काँगोन्यास शहरात आहे तर ग्वारुल्योस शहराबाहेर. शोधयंत्र अशा जोड्याही खुशाल दाखवतं. उतरण्याचा आणि चढण्याचा कोड एकच आहे ना, हे प्रत्येक वेळी बघा.

मधला वेळ किती, यासोबत तो दिवसाच्या कोणत्या भागात येतो हेही बघावं लागतं. एकच विमान दिवसभरात चार-सहा फेऱ्या मारतं, त्यामुळे सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो. म्हणून शक्यतो सकाळचं पहिलं विमान धरा. आणि दुसरं विमान त्या मार्गावरचं दिवसातलं शेवटचं नको. ते चुकलं तर रात्र मधल्या शहरातच. मध्यम शहराला दिवसाला दोनच विमानं असतील, तर मी त्यातलं पहिलं गाठेन अशी जोडी शोधते, म्हणजे दुसरं हाताशी राहतं. मधलं शहर निवडायला वाव असेल तर ऋतूही बघा : हिवाळ्यात पहाटे धुकं साचणारं शहर सकाळच्या जोडीला नको, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस होणारं संध्याकाळच्या जोडीला नको.

वेळा वाचताना एक खाच आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक असते. चीनमध्ये देशभर घड्याळ एकच, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. पण इंडोनेशियात तीन वेगवेगळ्या प्रमाणवेळा आहेत, ऑस्ट्रेलियात तर अर्ध्या तासाचाही फरक आहे. अशा देशात स्वतः वजाबाकी करण्यापेक्षा तिकिटावर छापलेला थांब्याचा कालावधी वाचा. पोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असेल तर ती दुसऱ्या दिवसाची वेळ.

४. भाडं

एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो. याचा एक परिणाम कुटुंबांच्या लक्षात येत नाही. चौघांसाठी शोधलं आणि स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील, तर यंत्रणा बहुधा चौघांनाही वरच्या गटाचं भाडं लावते. म्हणून आधी एकासाठी शोधून बघा. फरक दिसला तर तिघांचं आणि एकाचं अशी दोन बुकिंगं करता येतात. पण मग विमान चुकल्यावर दोन्ही बुकिंगांना एकत्रच जागा मिळेल असं नाही. मूल किंवा आजी-आजोबा एकटे पडणार असतील तर मी ही काटकसर करत नाही.

ब्राउझरच्या गुप्त (इनकॉग्निटो) खिडकीत शोधलं की भाडं कमी दिसतं, असं खूपजण छातीठोकपणे सांगतात. मी त्यात वेळ घालवत नाही. त्यापेक्षा भाड्यात काय काय धरलंय ते वाचलं तर जास्त पैसे वाचतात : जमा करायचं सामान किती किलो, तारीख बदलली तर दंड किती, रद्द केलं तर परत काय मिळतं. सर्वांत स्वस्त भाड्यात कित्येकदा फक्त हातातली बॅग असते.

शोध तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर घ्या, तिकीट कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढा. फरक किरकोळ असतो. मध्यस्थाकडून काढलेल्या तिकिटात बदल करायची वेळ आली की कंपनी म्हणते मध्यस्थाला विचारा, आणि मध्यस्थ म्हणतो कंपनीला विचारा.

५. फॉर्म भरताना

ओळखपत्रावर जे नाव आहे तेच, त्याच स्पेलिंगने. पहिलं नाव आणि आडनाव यांचे रकाने उलटे भरणं ही नेहमीची चूक. ओळखपत्रावर एकच नाव असेल तर आडनावाच्या रकान्यात काय लिहायचं याचा प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे, तो तिच्या मदत पानावर असतो. फोन आणि ईमेल स्वतःचेच द्या, तिकीट काढून देणाऱ्या भाच्याचे नकोत. गेट बदलल्याचा निरोप त्याच्या फोनवर येतो आणि तो तेव्हा झोपलेला असतो.

सीटसाठी पैसे मोजायचेच असतील तर पहिल्या विमानात पुढची, मार्गिकेकडेची सीट घ्या. वरच्या उदाहरणातली बारा मिनिटं तिथेच वाचतात. दुसऱ्या विमानात कुठेही बसा.

पैसे कापले गेले पण पीएनआर आला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी कंपनीला फोन करून बुकिंग झालंय का ते विचारा. ईमेल आला की नाव, तारखा आणि दोन्ही सेक्टर ‘कन्फर्म्ड’ आहेत का ते त्याच दिवशी तपासा. चूक त्याच दिवशी सांगितली तर दुरुस्त होण्याची शक्यता जास्त असते.

६. तिकीट काढल्यापासून निघेपर्यंत

कंपन्या वेळापत्रक बदलतात, कधी दोन महिने आधी. वीस मिनिटांचा बदल म्हणून ईमेल वाचून सोडून देऊ नका. त्या वीस मिनिटांनी मधला वेळ किती उरला ते बघा. फार आखडला असेल तर फोन करून दुसरी जोडी मागा. बदल कंपनीने केला असेल तर बहुतेक वेळा जादा पैसे पडत नाहीत. मी तर फोन करण्याआधीच हव्या त्या विमानाचा क्रमांक शोधून ठेवते.

आणि एक सापळा. ‘‘आदल्या दिवशी मी मधल्या शहरात मावशीकडेच आहे, मग पहिलं विमान सोडते आणि तिथूनच दुसरं पकडते,’’ असं कुणी म्हणालं तर आधीच थांबवा. पहिल्या सेक्टरला हजर राहिला नाहीत की पुढचे सगळे सेक्टर आपोआप रद्द होतात. त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर तोसुद्धा.

७. प्रवासाचा दिवस

चेक-इनला दोन बोर्डिंग पास मागून घ्या. दुसरा मिळाला नाही तर का नाही, ते तिथेच विचारा. मग बॅगेला लावलेला टॅग बघा. त्यावर मोठ्या अक्षरात जो तीन अक्षरी कोड असतो तो शेवटच्या शहराचा हवा. मधल्या शहराचाच असेल, तर बॅग तिथेच उतरेल आणि तुम्हालाच घ्यावी लागेल. हे काउंटरसमोर वाचायला पाच सेकंद लागतात. टॅगचा छोटा तुकडा बोर्डिंग पासला चिकटवून देतात, त्यावर १० आकडी क्रमांक असतो. फोनमध्ये त्याचा फोटो काढा, बॅगेचाही काढा.

मध्यम शहरांना कित्येकदा एटीआर ७२ सारखं सत्तरेक आसनांचं छोटं विमान येतं. त्याचे वरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे हातातली चाकांची बॅग विमानाच्या शिडीपाशी काढून घेतात आणि पोटात टाकतात. अशा वेळी पॉवर बँक बाहेर काढून खिशात घ्या; विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात पॉवर बँक चालत नाही. केबिनमध्ये १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा चालते. २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४ वॉट-तास. औषधं आणि कागदपत्रंही अशा बॅगेत ठेवू नका.

मधल्या शहरात उतरलात की ‘ट्रान्सफर’च्या पाट्या बघत चला. सामान थेट जाणार असेल तर गर्दीच्या मागे बाहेरच्या दाराकडे जाऊ नका. एकदा बाहेर पडलात की पुन्हा सगळ्या रांगा. गेट बोर्डिंग पासवर छापलेलं असलं तरी पडद्यावर पुन्हा वाचा. आधी गेट डोळ्यांनी बघायचं, मग चहा किंवा शौचालय.

पहिलं विमान उशिरा येतंय असं दिसलं तर विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा. दुसरं चुकलंच तर कंपनीच्या काउंटरच्या रांगेत उभं राहून त्याच वेळी फोनही लावा, आणि ॲपही उघडा. कित्येकदा पुढच्या विमानात तुमचं नाव आधीच टाकलेलं असतं. नसेल, तर ‘‘माझं काय होणार?’’ असं विचारण्यापेक्षा ‘‘साडेसहाच्या विमानात जागा आहे का?’’ असं विचारलं की काम लवकर होतं. रात्र काढावी लागली तर राहण्या-जेवणाची सोय कंपनी करते का, हेही तिथेच विचारून घ्या.

शेवटच्या शहरात पट्टा थांबला आणि बॅग आली नाही, तर विमानतळाबाहेर पडू नका. धावपळीच्या जोडीत तुम्ही दुसऱ्या विमानात पोचता, बॅग पोचत नाही, असं होतं. सामानाच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामान न मिळाल्याची नोंद करून घ्या. टॅगचा तुकडा दाखवा, बॅगेचा फोटो दाखवा, घरचा पत्ता आणि फोन द्या, आणि नोंदीचा क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पुढच्याच विमानाने ती आलेली मी दोनदा पाहिली आहे. दोन्ही वेळा कंपनीचा माणूस ती घरी आणून देऊन गेला.